‘ट्रान्सलेट’ मराठीत कसं उतरतं

प्रश्न नागपुरातल्याच एका मुलीचा आहे. तिने नुकतीच भाषांतराची कामं घ्यायला सुरुवात केली आहे. ती लिहिते: “डिक्शनरीत ट्रान्सलेट म्हणजे भाषांतर करणे. पण मागच्या आठवड्यात तीन वाक्यांनी मला अडवलं. ‘द क्राउड्स डिड नॉट ट्रान्सलेट इंटू व्होट्स’, ‘द आरएनए इज ट्रान्सलेटेड इंटू प्रोटीन’ आणि ‘हर ह्यूमर डझन्ट ट्रान्सलेट’. तिन्हीकडे भाषांतर लिहिलं तर हसं होईल. सर, या शब्दाचा मूळ अर्थ काय धरायचा? सगळीकडे चालेल असा एखादा मराठी शब्द आहे का?”

सगळीकडे चालेल असा नाही. बऱ्याच ठिकाणी चालेल असा मात्र आहे, आणि तो तुम्ही रोज वापरता. उतरणे, उतरवणे. मी सत्तावीस वर्षं सिव्हिल लाइन्सच्या आसपास कोर्टाचे, बँकांचे, कंपन्यांचे कागद इकडचे तिकडे करतो आहे, तरी हा शब्द माझ्या हाताला लागायला पहिली सात-आठ वर्षं गेली. त्याआधी मीही सगळीकडे ‘भाषांतर’ नाहीतर ‘रूपांतर’ ठोकून द्यायचो. त्याचं एक फळही चाखलं आहे.

एका बँकेचं गृहकर्जाचं पत्रक होतं. इंग्रजी ओळ साधी: कमी व्याजदर ‘ट्रान्सलेट्स इंटू’ मोठी बचत. माझ्याकडे तेव्हा एक मदतनीस पोरगा होता. त्याने लिहिलं, “कमी व्याजदराचे मोठ्या बचतीत भाषांतर होते.” महाल भागातला प्रेसवाला खाली स्कूटर चालू ठेवून उभा, मी वरवर नजर फिरवली आणि सही करून दिली. पाच हजार प्रती छापून गेल्या. आठवड्याने बँकेच्या साहेबांचा फोन आला. काउंटरवर एक गृहस्थ पत्रक घेऊन आले होते आणि विचारत होते, “साहेब, हे भाषांतर तुमी करून देता का आमीच करून आनाचं?” साहेब हसत होते, मी नाही. पुढची छपाई माझ्या खर्चाने झाली. ओळ अशी झाली: “व्याजदर कमी, म्हणजे बचत मोठी.” क्रियापदच उडालं आणि वाक्य सुधारलं.

घोळ का होतो? ‘भाषांतर’ या शब्दात भाषा पहिल्या अक्षरापासून ठोकून बसवली आहे. भाषा अधिक अंतर, आणि इथे अंतर म्हणजे दुसरी. देशांतर, पक्षांतर, मतांतर यांतलंच हे अंतर. ‘ट्रान्सलेट’मध्ये मात्र भाषा कुठेच नाही. लॅटिनमध्ये ‘ट्रान्सफेर्रे’ म्हणजे पलीकडे नेणे. त्या क्रियापदाचं ‘नेलेला’ या अर्थाचं रूप ‘ट्रान्सलातुस’. मूळ क्रियापदावरून इंग्रजीत ‘ट्रान्सफर’ आला आणि या दुसऱ्या रूपावरून ‘ट्रान्सलेट’. म्हणजे सरकारी नोकरांची बदली आणि आपलं भाषांतर या दोघी सख्ख्या बहिणी. गडचिरोलीला ऑर्डर निघालेल्या माणसाला हे सांगून पाहा, तो तुम्हाला चहा पाजणार नाही.

चर्चच्या इंग्रजीत हा जुना अर्थ अजून जिवंत आहे. बिशपला एका धर्मप्रांतातून दुसऱ्यात पाठवतात त्याला आजही ‘ट्रान्सलेट’ करणं म्हणतात. संतांचे अवशेष एका जागेवरून दुसरीकडे समारंभाने नेणं म्हणजेही ‘ट्रान्सलेशन’. कँटरबरीला टॉमस बेकेटचे अवशेष १२२० साली नव्या समाधिस्थानी हलवले, त्या घटनेला इतिहासाच्या पुस्तकांत हाच शब्द आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात हनोख मरण न पाहता देवाकडे नेला गेला तोही ‘ट्रान्सलेट’ झाला. आपल्या तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाच्या जातीची ती गोष्ट. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात विणकराच्या धडावर गाढवाचं डोकं येतं तेव्हा घाबरलेला मित्र त्याला म्हणतो की तू ट्रान्सलेट झालास! तिथे अर्थ निव्वळ ‘पालटलास’. असे उतारे भाषांतराला फारसे येत नाहीत, पण एखाद्या जुन्या मिशनरी पत्रात ‘बिशप वॉज ट्रान्सलेटेड’ दिसलं तर बिशपसाहेबांचं मराठीत भाषांतर झालं असं लिहू नका. त्यांची बदली झाली.

आता ‘उतरणे’. संस्कृतात ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, ओलांडणे, आणि ‘उत्’ लागून पाण्यातून पार होऊन बाहेर निघणे. मराठीने ही नदी विसरलेली नाही. नदीत पायी पार होता येईल इतकंच पाणी असेल त्या जागेला आपण उतार म्हणतो. “पुढे उतार आहे, बैलगाडी जाते,” हे कन्हानच्या काठचं म्हातारं माणूस अजून बोलतं. प्रवाशाला उतारू म्हणतो. वहीतून, नोंदवहीतून जसंच्या तसं काढून घेतलेलं ते उतारा, मग तो सातबाराचा असो की परीक्षेतला. “खालील उताऱ्याचे मराठीत भाषांतर करा” ही ओळ आपण शाळेत शंभरदा वाचली, पण त्यातल्या उताऱ्याकडे कधी पाहिलं नाही. लॅटिनवाला ओझं उचलून पलीकडे नेतो, मराठी माणूस स्वतः पाण्यात उतरून पलीकडे जातो. दोन्हीकडे कल्पना पलीकडे पोहोचण्याचीच.

आणि हा शब्द व्याकरणातही जुळतो. इंग्रजीत हेच एक क्रियापद दोन्ही कामं करतं: मी कविता ‘ट्रान्सलेट’ करतो, आणि कविता नीट ‘ट्रान्सलेट’ होत नाही. दुसऱ्या वाक्यात करणारा कुणी नाही, कविता आपलीआपण अडते. नवे भाषांतरकार इथे “कविता नीट भाषांतरित केली जात नाही” असं लिहितात आणि दोष आपोआप भाषांतरकारावर जातो. मूळ वाक्याला तो कवितेच्या स्वभावावर ठेवायचा असतो. मराठीत जोडी तयार आहे. मी उतरवतो, ती उतरते. “ही कविता मराठीत उतरत नाही.” विषय संपला.

तुमचं पहिलं वाक्य घ्या. सभेला नागपूरचं कस्तुरचंद पार्क भरलं, पण निकालाच्या दिवशी उमेदवार पडला. मराठी पत्रकार काय लिहील? “सभांची गर्दी मतपेटीत उतरली नाही.” किंवा “गर्दीची मतं झाली नाहीत.” दुसरं वाक्य मला जास्त आवडतं, कारण त्यात भारदस्त शब्द एकही नाही. ‘मतांमध्ये रूपांतर झाले नाही’ हेही चुकीचं नाही, वर्तमानपत्रांत चालतं. पण ‘रूपांतर’ वापरताना एक बघा: सुरवंटाचं फुलपाखरू होतं तसं एका वस्तूची खरोखर दुसरी वस्तू होते आहे का? कच्च्या मालाचं पक्क्या मालात रूपांतर होतं. गर्दीचं मतांत होत नाही, गर्दी घरी जाते.

या ‘ट्रान्सलेट इंटू’चे अर्थव्यवहारात फार पोटभेद आहेत आणि तिथे उतरणेसुद्धा सोडावं लागतं. “मुंबईत संत्र्याचे भाव वाढले, पण ती वाढ काटोलच्या शेतकऱ्यापर्यंत ‘ट्रान्सलेट’ झाली नाही.” कळमन्याच्या बाजारात उभा राहून हे वाक्य सांगायचं तर? “भाव वाढले, शेतकऱ्याच्या हातात काही पडलं नाही.” हातात पडणे, पदरात पडणे, अंगी लागणे, या सगळ्या मराठी उत्तरांत लाभ कुणाला हे आधी विचारलेलं असतं. इंग्रजी ते विचारत नाही. आणि नुसता हिशेब असेल, म्हणजे पगारात दहा टक्के वाढ ‘ट्रान्सलेट्स टू’ महिना तीन हजार, तर ‘म्हणजे’ पुरे. “दहा टक्के वाढ, म्हणजे महिन्याला तीन हजार.” धोरण, स्वप्न, आराखडा यांच्याबाबतीत ‘प्रत्यक्षात उतरणे’ आहेच.

दुसरं वाक्य, आरएनए आणि प्रोटीनचं. इथे डोकं लावू नका. तुमची शैली, माझं उतरणे, सगळं बाजूला ठेवून पाठ्यपुस्तक उघडा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञानात संज्ञा ठरलेल्या आहेत: डीएनएवरून आरएनए तयार होतो ते प्रतिलेखन, आरएनएवरून प्रथिन तयार होतं ते भाषांतरण. भाषांतर नाही, ‘ण’ लावलेलं भाषांतरण. वाक्य असं: “आरएनएचे भाषांतरण होऊन प्रथिन तयार होते.”

पण गंमत बघा, सगळ्या शास्त्रांत जीवशास्त्रानेच हा शब्द आपल्या धंद्याच्या अर्थाने उचलला आहे. पेशीत खरोखर दोन लिप्या आहेत. आरएनएची लिपी चार अक्षरांची, प्रथिनाची वीस अमिनो आम्लांची. रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रथिनांचा कारखाना, तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचतो. असे चौसष्ट शब्द होतात, त्यातले काही पूर्णविरामासारखे. एयूजी ही तीन अक्षरं आली की सुरुवात, आणि त्यांचा अर्थ मेथिओनिन हे अमिनो आम्ल. वाहक आरएनए हा खरा दुभाष्या, एका टोकाला तीन अक्षरं ओळखणारा, दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल धरून उभा. हा शब्दकोश उलगडल्याबद्दल हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना १९६८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि रायबोसोम एका शब्दावरून पुढच्या शब्दावर सरकतो त्याला त्याच धड्यात स्थानांतरण म्हटलं आहे, इंग्रजीत ‘ट्रान्सलोकेशन’. परीक्षेत पोरं या दोन्हींची हमखास अदलाबदल करतात. चौसष्ट शब्दांचा कोश, बहुतेक सजीवांत एकच, पर्यायी शब्दांवरून वाद नाही. हेवा वाटतो.

भूमिती आणि भौतिकशास्त्रात पुन्हा जुना ‘नेणे’ अर्थ. टेबलाचा खण बाहेर ओढला तर तो न वळता सरकतो, ते ‘ट्रान्सलेशन’. पंखा जागच्या जागी फिरतो, ते नव्हे. इथे स्थानांतरण लिहा आणि पुढे चला.

शब्दयोगी अव्ययांचा भाग मात्र सावकाश घ्या, कारण आपल्याकडचे अर्धे ईमेल इथे चुकतात. “प्लीज ट्रान्सलेट इन मराठी” असं सर्रास येतं. मराठीतला ‘मराठीत’चा ‘त’ सरळ ‘इन’ होऊन बसतो. इंग्रजीत भाषेत नेताना ‘इंटू’ लागतं, कारण आत शिरायचं आहे, आत बसून काही करायचं नाही. ‘टू’ही आता चालतं. कुठून, ते ‘फ्रॉम’.

तिसरं ‘ॲज’. ‘इंटू’च्या पुढे भाषा येते, ‘ॲज’च्या पुढे शब्द. अमुक शब्द अमुक म्हणून ‘ट्रान्सलेट’ केला. कोर्टात सगळी भांडणं या ‘ॲज’ची. नागपुरात यावर दाखला द्यायचा तर ‘धम्म’चाच देईन. ‘धम्म’ हा ‘रिलिजन’ म्हणून ट्रान्सलेट करायचा का? दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला जे घडलं त्याला कुणी धर्मांतर म्हणतं, कुणी धम्मदीक्षा, आणि हा फरक इथे शब्दाचा कीस नाही, माणसं त्यावर मनापासून बोलतात. बाबासाहेबांनी बुद्धावरचं आपलं शेवटचं मोठं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, पण शीर्षकात शब्द ‘धम्म’च ठेवला, आणि आत धम्म आणि रिलिजन यांतला फरकही मांडला. माझ्याकडे स्मरणिकांचे लेख येतात तेव्हा मी ‘धम्म’ला हात लावत नाही, आणि इंग्रजीतल्या ‘कन्व्हर्जन’ला लेखक कोण आहे ते पाहून मराठी शब्द देतो. काही शब्द पार न नेता या काठावरच ठेवणं हेही आपल्या कामात येतं. त्याचे पैसे मिळत नाहीत, एवढंच.

आणखी एक रोजचा वापर राहिला. दोन इंग्रजी बोलणाऱ्यांतच एक दुसऱ्याला म्हणतो, “कॅन यू ट्रान्सलेट दॅट?” डॉक्टर रिपोर्ट वाचून दहा मिनिटं बोलले, बाहेर आल्यावर भाऊ बहिणीला हे विचारतो. भाषा बदललेली नाही, बदलायची आहे ती पातळी. धंतोलीत कुठल्याही दवाखान्याच्या जिन्यावर याचं मराठी ऐकू येतं: “म्हणजे काय म्हणे डॉक्टर?” एवढंच लिहा. असं ट्रान्सलेशन आपण मराठीतून मराठीतही करतो. माझी सून पुण्याची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात आमच्या हिने स्वयंपाकघरातून सांगितलं, “थोडा सांबार चिरून दे.” पोरगी इडलीबरोबरचं सांबार कसं चिरायचं या विचारात विळीसमोर उभी. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीचा पहिला घास खाईपर्यंत तिला ते पटलं नव्हतं.

‘ट्रान्सलेट’ कुठे नाही तेही सांगतो, कारण गिऱ्हाईक सगळ्यालाच ट्रान्सलेट म्हणतं. तोंडी करतात ते ‘इंटरप्रिट’, करणारा दुभाष्या. साक्षीदाराच्या शेजारी उभा राहतो तो दुभाष्या, कागद घेऊन घरी जातो तो भाषांतरकार, दोघांचे दर वेगळे. नाव फक्त दुसऱ्या लिपीत लिहायचं ते लिप्यंतर. “माझं नाव ट्रान्सलेट करून द्या,” म्हणत लोक येतात. वानखेडेंच्या घरी बापाच्या कागदावर डब्ल्यू, मुलाच्या पासपोर्टवर व्ही. मी कागदावर जे स्पेलिंग आहे तेच ठेवतो आणि खाली टीप देतो. माझ्या मनाने एक अक्षर सुधारलं तर उद्या वारसाहक्काच्या प्रकरणात तो माणूस दोन माणसं होईल.

जमिनीच्या कागदांत तर न उतरवण्यासारखे शब्द ओळीला दोन. मौजा, खसरा, प.ह.नं. हा ‘प.ह.नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर, एका पटवाऱ्याकडच्या गावांच्या गटाचा क्रमांक. बाहेरून शिकून आलेला एक जण ‘पटवारी’चा तलाठी करून मग त्याचं ‘व्हिलेज अकाउंटंट’ करून आला होता. पाण्यातून दोनदा गेला आणि ओला होऊन परत आला. मी रोमन लिपीत ‘पटवारी हलका’ ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ देतो. इथले जुने कागद तसेही तीन भाषांचे. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, कारभारात मराठीही आणि हिंदीही, वर इंग्रजी शेरे. डॉ. रघुवीरांनी संस्कृत धातूंवरून शासनाचे नि शास्त्राचे हजारो शब्द घडवले ते याच गावात बसून. त्यांतले काही आज आपण विचार न करता बोलतो, काही कोशात झोपले आहेत. नवा शब्द अडला की मी आधी शासन व्यवहार कोश पाहतो, मग पटवाऱ्याला फोन करतो. दोघांचं जुळलं नाही तर पटवाऱ्याचं ऐकतो.

फोनमधल्या ‘ट्रान्सलेट’ बटनाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. गूगलचं हे यंत्र २००६ ला सुरू झालं, मराठी त्यात २०१३ ला आली. तेव्हापासून हा शब्द नामही झाला आहे: “याचं ट्रान्सलेट काढून दे.” जसं झेरॉक्स काढतात तसं. मीही कच्च्या खर्ड्याला कधी वापरतो. पण यंत्राला तुमच्या पहिल्या वाक्यासारखी वाक्यं तीन वेगवेगळ्या बातम्यांतून काढून देऊन पाहा आणि कुठे ‘भाषांतर’ येतं, कुठे ‘रूपांतर’, ते स्वतः तपासा. अर्ध्या तासात या क्रियापदाचा चांगला अभ्यास होईल.

राहिलं तिसरं वाक्य, ‘हर ह्यूमर डझन्ट ट्रान्सलेट’. तुम्हाला वाटेल, उत्तर तर वर देऊन झालं: “तिचा विनोद मराठीत उतरत नाही.” पण मूळ वाक्यात मराठी आहे कुठे? ही बाई कोण? लेखिका असेल तर तिचा विनोद दुसऱ्या भाषेत उतरत नाही. स्टँडअपवाली असेल आणि लंडनहून येऊन न्यूयॉर्कमध्ये बोलत असेल तर भाषा एकच आहे, लोक वेगळे. मग “तिचे विनोद तिकडे चालत नाहीत.” आणि नाटकातली नटी असून सिनेमात आली असेल तर “रंगमंचावरची तिची गंमत पडद्यावर येत नाही.” तीन बायका, तीन वाक्यं, इंग्रजी तेच. मागचं आणि पुढचं एकेक वाक्य पाठवा, मग यातलं कुठलं ते सांगतो.